स्वाध्यायासाठीं परभाषेची निवड

शाळेंत ज्या भाषा शिकविल्या जातात त्यांची निवड विद्यार्थ्याच्या हातीं नसते. परंतु शाळेबाहेर, स्वतःच्या हौसेनें व स्वतःच्या कष्टानें एखादी परकी भाषा शिकावी असें ज्याच्या मनांत येतें, त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. भाषा शिकावयास महिने नव्हे, वर्षें लागतात. भलतीच भाषा हातीं घेतली तर सहा महिन्यांत उत्साह मावळतो, पुस्तक फडताळांत जातें, आणि 'आपणांस भाषा येणारच नाहीं' अशी एक खोटी समजूत मात्र जन्मभर मागें राहते. वेळ गेला त्याचें दुःख थोडें. आत्मविश्वास गेला त्याचें मोठें. म्हणून निवड कशी करावी याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला विचार हेतूचा. 'सर्वांत सोपी भाषा कोणती ?' असें विचारण्यापूर्वीं 'ती मला कशाला हवी ?' असें स्वतःस विचारावें. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) या संस्कृतांत पारंगत होत्या. मूळ ग्रंथावरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करावें हा एकच हेतु धरून त्यांनीं हिब्रू व ग्रीक या दोन्ही भाषांचा अभ्यास केला, आणि केडगांव येथील मुक्तिसदनाचा सारा व्याप सांभाळून तें काम तडीस नेलें. या भाषा सोप्या होत्या म्हणून नव्हे, तर त्यांच्यावांचून काम अडत होतें म्हणून त्या साध्य झाल्या. मराठ्यांच्या इतिहासाची ज्यास गोडी आहे त्याची गोष्टही अशीच. सेतुमाधवराव पगडी यांनीं फारसी साधनें मराठींत आणलीं. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दप्तरखान्यांतील पोर्तुगीज कागद उजेडांत आणले. संस्कृताच्या सखोल अभ्यासकास जर्मन भाषेवांचून चालत नाहीं, कारण बोथलिंक व रोट यांचा सात खंडांचा प्रसिद्ध संस्कृत कोश (१८५५–१८७५) जर्मन भाषेंतच आहे. हेतु असा नेमका असला म्हणजे निवड बहुधा आपोआप होते. 'अमक्यानें घेतली म्हणून मीही घेतों' हा हेतु नव्हे.

दुसरा विचार जवळिकीचा. आपली मराठी भाषा ज्यास चांगली येते त्यानें पुष्कळ वाट आधींच चालून संपविली आहे. फक्त कोणत्या दिशेनें, एवढेंच पाहावयाचें. इंग्रज विद्यार्थी जर्मन भाषेंतील तीन लिंगें पाहून घाबरतो. आपणांस तीन लिंगें पाळण्यांतच मिळालीं आहेत. 'मुलगी' या अर्थाचा रूढ जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे हें ऐकून हसूं येतें; पण 'तें मूल', 'तें पोर' असें आपणही म्हणतोंच कीं ! मात्र शब्दाशब्दाचें लिंग जुळेलच असें नाहीं. जर्मन भाषेंत सूर्य स्त्रीलिंगी व चंद्र पुल्लिंगी आहे. म्हणून तेथें प्रत्येक नाम त्याच्या लिंगासकट पाठ करावें लागतें. गौण वाक्यांत क्रियापद शेवटीं ठेवण्याची जर्मन रीतही मराठी कानास परकी वाटत नाहीं.

रशियन भाषेंतही लिंगें तीन व विभक्ति सहा. तिचीं तेहतीस अक्षरें आठवड्याभरांत ओळखूं येतात. 'द्वा', 'त्री' हे तिचे दोन व तीन ऐकले म्हणजे संस्कृतांतील 'द्वि', 'त्रि' कोणास आठवणार नाहींत ? अडचण येते ती विभक्तींचीं रूपें व क्रियापदांच्या जोड्या पाठ करतांना.

जपानी भाषेचें घराणें आपल्याहून अगदीं निराळें. पण वाक्याची घडण पाहावी तर ती ओळखीची. 'मी पुस्तक वाचतों' हें वाक्य जपानींत याच क्रमानें येतें. क्रियापद शेवटीं, आणि संबंध दाखविणारे लहान शब्द, आपल्या प्रत्ययांप्रमाणें, नामाच्या मागून. लिंगभेद मुळींच नाहीं. तिची अक्षरमाला 'अ, इ, उ, ए, ओ' अशी सुरू होते, व पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी लागतात. बौद्ध विद्येबरोबर तिकडे गेलेल्या भारतीय वर्णक्रमाचीच ही छाया आहे. मग अवघड तें काय ? लेखन. शेहेचाळीस शेहेचाळीस मूळ अक्षरांच्या दोन माला आधीं शिकाव्या लागतात, व त्यांवर चिनी चित्राक्षरें. नित्य व्यवहाराचीं म्हणून सरकारनें २०१० सालीं ठरविलेलीं हीं चित्राक्षरेंच २१३६ आहेत. रोज थोडें पण न चुकतां लिहिण्याची चिकाटी ज्यास नाहीं त्यानें हिच्या वाटेस जाऊं नये.

पोर्तुगीज भाषा आपण न शिकतांच थोडीशी बोलतों. चावी, बटाटा, पाव, काजू, पगार हे शब्द तिच्याकडून आले. गोव्यांत १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचें राज्य होतें, व ब्राझीलसारख्या विशाल देशाची ती आज राजभाषा आहे. फ्रेंच भाषेचें व्याकरण इंग्रजी जाणणारास फारसें जड जात नाहीं. परंतु लिहिलेलें एक व उच्चारलेलें दुसरें, शेवटचीं अक्षरें कित्येकदां मुकीं. नुसत्या पुस्तकावरून ती शिकणाऱ्याचे उच्चार फ्रेंच माणसास कळणें कठीण.

येथून तिसरा विचार निघतो, तो साधनांचा. स्वाध्याय म्हणजे एकांतवास नव्हे. विल्यम कॅरी हे तरुणपणीं इंग्लंडांत चांभारकाम करीत असतां लॅटिन, ग्रीक व हिब्रू स्वकष्टानें शिकले. पुढें बंगाल्यांत राहून त्यांनीं मराठीचें व्याकरण १८०५ मध्यें श्रीरामपुरास छापिलें; पण तें करतांना पंडित वैजनाथ यांच्यासारख्या मराठी जाणत्याचें साहाय्य त्यांनीं घेतलें. म्हणून चार गोष्टी मिळतील कीं नाहीं हें आधीं पाहावें : क्रमवार धडे असलेलें एक पुस्तक, एक चांगला कोश, त्या भाषेच्या लोकांचा आवाज, व आपली चूक दाखवील असा एक तरी माणूस. ध्वनिमुद्रणें आतां घरबसल्या ऐकतां येतात, ही पूर्वीच्या विद्यार्थ्यांस नसलेली सोय आहे. पुणें व मुंबई येथें जर्मन भाषेसाठीं मॅक्समुल्लर भवन आहे. जपानी भाषेची परीक्षा पुण्यासही होते. तिच्या पांच पायऱ्या आहेत. युरोपीय भाषांसाठीं सहा पायऱ्यांचें माप रूढ आहे. स्वतः शिकणारानेंही अशी एखादी पायरी डोळ्यांपुढें ठेवावी, म्हणजे आपण चाललों आहों कीं जागच्या जागीं घुटमळतों आहों, हें कळतें.

इतकेंही करून दोन भाषांत मन घुटमळत असेल तर एक सोपा उपाय आहे. प्रत्येकीस एक एक आठवडा द्यावा. रोज अर्धा तास तिचे आवाज ऐकावे, दहा वाक्यें मोठ्यानें म्हणावीं, अक्षरें गिरवावीं. पंधरवड्याच्या अखेरीस कोणते पुस्तक हात आपण होऊन उघडतो तें पाहावें, व तीच भाषा घ्यावी. एकदां घेतली कीं निदान वर्षभर दुसरीकडे पाहूं नये. विशेषतः पोर्तुगीज व स्पॅनिश यांसारख्या सख्ख्या बहिणी एकदम घरांत आणूं नयेत; दोघींचे शब्द एकमेकांत मिसळतात व एकही धड येत नाहीं.

पालकांस एक विनंती. 'या भाषेनें पगार किती मिळेल ?' हा प्रश्न अयोग्य नाहीं. घर चालवावयाचें असतें. पण तो एकच प्रश्न विचारूं नये. मुलाच्या ओढीविरुद्ध लादलेली भाषा पगार मिळेपर्यंत टिकतच नाहीं, आणि ओढीनें घेतलेली भाषा कोठें उपयोगी पडेल हें आज कोणास सांगतां येणार ? 'पगार' हा शब्दच पाहा ना ! समुद्रापलीकडून आलेल्या लोकांच्या भाषेंतून तो आला, आणि आज तो परका आहे असें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. परकी भाषाही नेटानें शिकली म्हणजे अशीच आपली होते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, निवड सावकाश करा. पण एकदां केली म्हणजे तिला रोजचा अर्धा तास देण्यांत कसूर करूं नका.