अग्रलेख आणि विधिमंडळ : आचार्य अत्रे यांची राजकीय कारकीर्द

प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात प्रथम येते ते विडंबनकार आणि नाटककार म्हणून. ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह आणि ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) पासूनची नाटके यांनी ते स्थान निश्चित केले आहे. ‘श्यामची आई’ या त्यांच्या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. संपादक अत्रे आणि आमदार अत्रे यांचा विचार मात्र बहुधा आख्यायिकांच्या अंगानेच होतो. त्यांच्या विनोदाचे किस्से इतके सांगितले गेले की त्यांच्या राजकीय गद्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याचे राहूनच गेले.

‘नवयुग’ हे साप्ताहिक त्यांनी १९४० मध्ये काढले. परंतु या कारकिर्दीचा खरा आरंभ १५ नोव्हेंबर १९५६ रोजी झाला. महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा आणि विदर्भ यांचे मिळून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य १ नोव्हेंबरला अस्तित्वात आले होते. त्यानंतर अवघ्या पंधरवड्यात ‘मराठा’ दैनिक निघाले. (टिळक-आगरकरांच्या इंग्रजी पत्राचे नाव येथे मराठीत परत आले, हे वाचकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसेल.) वृत्तपत्र आधी आणि चळवळ मागून, असा हा प्रकार नव्हे. संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ मध्येच स्थापन झाली होती. तिला रोजची वाणी हवी होती, ती ‘मराठा’ने दिली.

या वाणीचे घटक कोणते? शाळामास्तराची सोपी, ठसठशीत वाक्यरचना, रंगभूमीवरून आलेले विरामांचे भान, आणि अतिशयोक्ती. कोणतीही गोष्ट गेल्या दहा हजार वर्षांत घडली नव्हती असे म्हणण्याची त्यांची लकब प्रसिद्धच आहे. छापील अग्रलेख मोठ्याने वाचला जाईल, हे गृहीत धरूनच तो लिहिलेला असे. त्याची दुसरी बाजूही लपवण्यासारखी नाही. प्रतिपक्षाच्या व्यक्तीवर तुटून पडताना या लेखणीने सभ्यतेची मर्यादा अनेकदा ओलांडली, आणि तेथे विनोद उरला नाही, केवळ शिवी उरली.

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत अत्रे मुंबईतील दादर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. एस. एम. जोशीही त्याच सभागृहात होते आणि मुख्यमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. अग्रलेखाला वाचक लगेच उत्तर देऊ शकत नाही. सभागृहात प्रतिपक्ष समोर बसलेला असतो, अध्यक्ष थांबवू शकतात. शिवाय मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांचे प्रतिनिधी तेथे एकत्र होते. शिवाजी पार्कवरील श्रोत्यांची टाळी गृहीत धरणाऱ्या वक्त्याची ती वेगळीच कसोटी होती. नव्या राज्याचे नाव ‘महाराष्ट्र’ हेच असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह या काळातील. नाव म्हणजे केवळ खूण नव्हे, तो हक्काचा उच्चार आहे, अशी त्यामागील भूमिका होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला येथे सी. एन. अण्णादुराई यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘द्रविड नाडु’ हे साप्ताहिक १९४२ पासून चालविणारे हे नाटककार, पटकथाकार आणि वक्ते त्याच १९५७ साली कांचीपुरमहून मद्रास विधानसभेत गेले. राज्याच्या नावासाठी तेही झगडले. परंतु अण्णादुराईंपाशी स्वतःचा पक्ष होता आणि १९६७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. अत्र्यांपाशी वृत्तपत्र होते. समिती ही अनेक पक्षांची आघाडी होती आणि राज्य मिळताच तिचे प्रयोजन सरले. त्यामुळे त्यांच्या राजकारणाची मिळकत मंत्रालयात नव्हे, गद्यात शोधावी लागते.

ते गद्य सर्वोत्तम ठरते ते मृत्युलेखांत. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवपुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा समितीने त्यांच्याविरुद्ध प्रचंड निदर्शने केली होती आणि ‘मराठा’ त्या निदर्शनांचे मुखपत्र होते. १९६४ मध्ये नेहरू गेले. त्याच ‘मराठा’तून अत्र्यांनी त्यांच्यावर लेखमाला लिहिली, ती पुढे ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूप झाली.