जुना नकाशा आजच्या शहरावर बसवताना

मुंबईच्या सात बेटांचा नकाशा पाहिला नाही असा मराठी वाचक विरळा. पुस्तकांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून तो ‘जुना नकाशा’ म्हणून फिरत असतो. पण बेटं वेगवेगळी असताना कोणी मोजणी करून तो काढलेला नाही. पूर्वी इथली जमीन कशी असेल याबद्दल एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी बांधलेला तो अंदाज आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात मुंबईत होता आणि १६९८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात मुंबईचा नकाशा आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. असं ताडून पाहणं आज घरबसल्या शक्य आहे, आणि माझ्या मते ऑनलाइन नकाशासंग्रहांचं मोल तिथेच आहे. नुसती सुंदर चित्रं पाहायला मिळणं हा वरकड लाभ.

सॅन फ्रान्सिस्कोचे संग्राहक डेव्हिड रम्सी यांनी १९८०च्या दशकात नकाशे जमवायला घेतले. त्यांच्या संकेतस्थळावर आज लाखाहून अधिक नकाशे फुकट पाहता येतात आणि मूळ संग्रहासाठी २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वतंत्र केंद्र उघडलं. ‘ओल्ड मॅप्स ऑनलाइन’वर अनेक ग्रंथालयांचे नकाशे एकाच ठिकाणी शोधता येतात. एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून हवा तितका पारदर्शक करता येतो. त्यासाठी आधी दोन्हींवरचे समान बिंदू जुळवावे लागतात, आणि ब्रिटिश लायब्ररीने २०१२ पासून हे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. चर्च, देऊळ, किल्ल्याचा कोपरा अशी न हललेली ठिकाणं दोन्हीकडे खुणावायची, मग संगणक जुना नकाशा ताणून, फिरवून आजच्या नकाशावर बसवतो. फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ पासून जागेवर आहे, म्हणून खुणेला उत्तम. किनारा मात्र टाळावा, कारण मुंबईत समुद्रच मागे हटवलेला आहे. नीट बसवलेल्या नकाशावर किल्ल्याची ‘चर्चगेट’ ही वेस आज त्याच नावाच्या स्टेशनपाशी दिसत नाही. ती वेस होती आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी. १८६०च्या दशकात तट पाडला गेला, १८६४ मध्ये तिथे कारंजं उभं राहिलं, आणि नाव तेवढं पश्चिमेला सरकलं.

यावर जाणकारांचा आक्षेप असा की ताणलेला नकाशा मूळ नकाशा राहत नाही. रेषा वाकतात, अक्षरं तिरपी होतात. आक्षेप खरा आहे, म्हणून मूळ प्रत आधी पाहावी. पण ताण सगळीकडे सारखा पडत नाही, आणि तेच वाचण्याजोगं असतं. जिथे नकाशा सहज बसतो तिथे बहुधा साखळी टाकून मोजणी झालेली असते. जिथे तो फार ओढावा लागतो तिथे ऐकीव माहितीवर भागवलं असावं, असा संशय घ्यायला जागा मिळते. अर्थात खूण चुकीच्या जागी केली तरी असाच ताण पडतो, तेव्हा बिंदू पुन्हा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हे नकाशे राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी काढले. कित्येक कंपनीकालीन नकाशांत किल्ल्यातल्या इमारती बारकाईने दाखवलेल्या, तर बाहेरची सगळी वस्ती एका रंगात आणि वर ‘नेटिव्ह टाउन’ एवढीच पाटी. त्या रिकाम्या रंगाखाली गल्ल्या, तलाव, देवळं, मशिदी होत्या. नकाशा तिथे मुका असला तरी आजच्या नकाशावर तो ठेवला की कोणता मोहल्ला गाळला हे नेमकं कळतं, आणि मग महसुली कागद, गॅझेटियर, जुनी छायाचित्रं कुठे धुंडाळायची ते ठरवता येतं. पक्षपाती साक्षीदाराला इतिहासकार हाकलून देत नाहीत, त्याची उलटतपासणी करतात.

शोधताना एक व्यवहाराची गोष्ट: मुंबई, पुणे असं देवनागरीत टाकून फारसं हाती लागत नाही, बॉम्बे, पूना ही नावं जुन्या इंग्रजी स्पेलिंगने टाकावीत. आणि सापडलेला नकाशा पुढे पाठवायचाच असेल, तर तो कोणी काढला, कोणत्या साली आणि मूळ प्रत कोणत्या ग्रंथालयात आहे, एवढं त्याखाली लिहूनच पाठवा.