छत्री ‘विसरलो’ की ‘राहिली’? : महानगरी धांदलीतील कर्ता

प्रयोगविचार हा भाग अनेकांना परीक्षेपुरता वाटतो. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे पाठ करावीत, क्रियापद कोणानुसार बदलते ते सांगावे आणि पुढच्या घटकाकडे वळावे, अशी रीत पडून गेली आहे. येथे तोच विषय आपण मुंबईसारख्या महानगरातील विसरभोळेपणाच्या आणि किरकोळ अपघातांच्या वाक्यांतून पाहू. आपल्यापैकी बरेच जण नोकरी, प्रवास आणि घर सांभाळून अभ्यास करतात. त्यामुळे पुढील वाक्ये आपल्या कानांवरून अनेकदा गेलेली असतील.

(१) मी छत्री गाडीत विसरलो.
(२) माझी छत्री गाडीत राहिली.
(३) मी छत्री हरवली.
(४) माझी छत्री हरवली.

चारही वाक्यांचे व्यावहारिक फलित एकच : छत्री गेली. मात्र कर्त्याचे स्थान प्रत्येक वाक्यात सारखे नाही.

वाक्य (१) व्याकरणदृष्ट्या सर्वांत कुतूहलाचे आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद सामान्यतः कर्माप्रमाणे चालते : ‘मी छत्री घेतली’, ‘त्याने छत्री उघडली’. ‘विसरणे’ला ‘छत्री’ हे कर्म असूनही आपण ‘त्याने छत्री विसरली’ असे प्रमाण मराठीत म्हणत नाही. ‘तो छत्री विसरला’ असे म्हणतो. ‘ती साडी नेसली’, ‘तो धडा शिकला’ हीदेखील याच वळणाची वाक्ये. या क्रियांचा परिणाम कर्मापेक्षा कर्त्यावरच अधिक होतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण देता येते. शिकल्याने धडा बदलत नाही, शिकणारा बदलतो. तसेच विसरल्याने छत्रीचे काही होत नाही. जे होते ते विसरणाऱ्याच्या मनात होते. (‘तो खोटे बोलला’ हे वाक्य मात्र या स्पष्टीकरणात नीट बसत नाही. नियम आणि अपवाद यांच्या सीमारेषेवर अशी क्रियापदे नेहमीच उभी असतात.)

वाक्य (२) मध्ये छत्रीच कर्ता होते. विसरणारी व्यक्ती ‘माझी’ या षष्ठीपुरती उरते. ‘राहणे’चा हा उपयोग महानगरी मराठीत फार मोठा आहे : वीजबिल भरायचे राहिले, आईला फोन करायचा राहून गेला, डबा ओट्यावरच राहिला. येथे कोणी काही केलेले नसते. काही तरी व्हायचे असते आणि ते होत नाही, एवढेच. (३) आणि (४) मध्ये क्रियापदाचे रूप तेच आहे, पण ‘मी’च्या जागी ‘माझी’ येताच दोष सौम्य होतो.

हा भेद इच्छेशी निगडित आहे का, हे तपासण्याची सोपी कसोटी म्हणजे ‘मुद्दाम’ हा शब्द. ‘त्याने कप मुद्दाम फोडला’ हे वाक्य चालते. ‘कप मुद्दाम फुटला’ चालत नाही. ‘मी मुद्दाम विसरलो’ हे केवळ थट्टेने म्हणता येते. आणि तरीही ‘छत्री विसरू नकोस’ ही आज्ञा आपण घरातून निघणाऱ्याला रोज करतो! जे इच्छेने करता येत नाही, ते न करण्याची जबाबदारी मात्र भाषा माणसावर टाकते. म्हणूनच ‘विसरणे’ हे ‘फोडणे’ आणि ‘फुटणे’ यांच्या मधोमध कोठे तरी उभे आहे, असे माझे मत आहे.

फोडणे-फुटणे, पाडणे-पडणे, तोडणे-तुटणे या जोड्या आपण प्रयोजक-अप्रयोजक म्हणून अभ्यासतो. त्यांचा सामाजिक वापर पाहावा. स्वयंपाकघरात काही खळ्ळकन वाजले की पाहुण्याला उद्देशून ‘काय फुटलं?’ असा प्रश्न येतो, घरातल्या मुलाला उद्देशून ‘काय फोडलंस?’ असा. घरकामाला येणारी बाई ‘ताई, माझ्या हातून कप फुटला’ असे सांगते. तीच घटना मालकीणबाई शेजारणीला ‘तिने कप फोडला’ अशी सांगतात. ‘हातून’ या शब्दाने हात आणि माणूस यांच्यात अंतर पडते. ते अंतर कोणाला मिळते आणि कोणाला नाकारले जाते, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसले तरी पगारातून कपात होताना महत्त्वाचे ठरते.

प्रवासाच्या भाषेत ही कर्त्याची माघार आणखी पुढे जाते. विक्रोळीला उतरायचे असताना तेथे न थांबणाऱ्या जलद गाडीत बसलेला प्रवासी ‘विक्रोळी गेलं’ असे म्हणतो. गेलेला असतो तो स्वतः. ‘माझी गाडी चुकली’ यात चूक जणू गाडीची. ‘मी चुकलो’ ही सरळ कबुली आहे आणि ‘माझं चुकलं’ ही थोडी मवाळ. इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही मराठीने हीच विभागणी लावली आहे : ‘ट्रेन मिस झाली’ आणि ‘ट्रेन मिस केली’, ‘फोटो डिलीट झाले’ आणि ‘फोटो डिलीट केले’. शब्द परका असला तरी ‘होणे’ आणि ‘करणे’ यांतली निवड अस्सल मराठी आहे.

पोलीस ठाण्यात ही निवड कागदावर उतरते. मोबाइल ‘गहाळ झाला’ असे लिहिले तर ती हरवल्याची नोंद होते. ‘चोरीला गेला’ असे लिहिले तर गुन्ह्याची तक्रार. गर्दीत खिसा रिकामा झालेल्या माणसाला नेमके काय घडले हे अनेकदा ठाऊक नसते, तरी क्रियापद त्यालाच निवडावे लागते. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी आपण काय पाहिले आणि कशाचा केवळ तर्क केला, हे वेगळे काढावे.

कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी व स्पॅनिश भाषकांना हेतुपुरस्सर आणि नकळत घडलेल्या कृतींच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. नकळत घडलेल्या घटना इंग्रजी भाषकांनी कर्त्यासह अधिक वेळा सांगितल्या आणि त्यांतील व्यक्तीही त्यांना अधिक चांगल्या आठवल्या. यावरून मराठी भाषकांविषयी थेट अनुमान काढू नये. स्पॅनिशमधील अशा वाक्यांची रचना मराठीहून वेगळी आहे.

स्वाध्याय : येत्या आठवड्यात घरी, कार्यालयात व प्रवासात ऐकलेली विसरण्याची, सांडण्याची, चुकण्याची दहा वाक्ये लिहून काढा. प्रत्येकाचा प्रयोग ओळखा, ‘मुद्दाम’ची कसोटी लावा आणि वाक्य कोणी, कोणाविषयी, कोणासमोर उच्चारले याची समोर नोंद करा.