स्ट्रोकनंतर स्क्रीनला बोट कळतं, पण बोटाला स्क्रीन का कळत नाही?

आपल्या शिरूर-दौंडकडे स्ट्रोकला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं की ते लगेच लक्षात येतं. पण कधी कधी हात हलतो, बोटं वळतात, फक्त त्यांना स्पर्श कळत नाही. अशा माणसाचा फोन फिंगरप्रिंटने नेहमीसारखा उघडतो, पण आपलं बोट स्क्रीनला लागलंय हे त्याला बघितल्याशिवाय समजत नाही. असं का होतं?

फोनचा टच आणि आपला स्पर्श

स्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक तारांची बारीक जाळी असते. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकलं की त्या जागेचा विद्युतभार किंचित बदलतो आणि चिप जागा ओळखते. यात आपल्या मेंदूचं काही काम नाही.

बोटाला स्क्रीन कळायला मात्र लांबचा रस्ता आहे. कातडीतले सेन्सर, नसा, पाठीचा मणका, मग मेंदूतलं थॅलॅमस आणि शेवटी मेंदूचा स्पर्श ओळखणारा भाग. उजव्या हाताचा सिग्नल डाव्या मेंदूत जातो, डाव्याचा उजव्या. वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये या भागाचा नकाशा मांडला. त्यात बोटं आणि ओठांना भरपूर जागा आहे.

स्ट्रोकमध्ये मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. त्या रस्त्यातला भाग बंद पडला, तर सेन्सर चांगला, वायर चांगली, पण सिग्नल वाचणारं कुणी नाही, अशी गत होते.

काय काय बिघडतं?

- खिशातलं नाणं की किल्ली, हे न बघता ओळखता येत नाही.
- पकड चुकते. फोन निसटतो किंवा उगाच घट्ट धरला जातो.
- गरम-गार कळत नाही. चुलीवरचा तवा, गुऱ्हाळातली काहील इथे भाजण्याचा धोका मोठा.
- काहींना पुढे त्याच बाजूला जळजळ, ठणका सुरू होतो.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने सराव केला की बऱ्याच जणांमध्ये सुधारणा होते. उदाहरणार्थ, डोळे मिटून वस्तू ओळखणं, खरबरीत-मऊ कापड चाचपणं.

फोनमध्ये काय बदलाल?

बोट स्क्रीनवर जास्त वेळ राहतं, म्हणून साध्या टॅपचा लाँग प्रेस होतो. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'टच अँड होल्ड डिले' वाढवा. आयफोनमध्ये 'टच अकोमोडेशन्स' आहे. व्हायब्रेशनवर विसंबू नका, रिंग चालू ठेवा. फोन चांगल्या हाताच्या बाजूच्या खिशात असू द्या.

'हाताला मुंग्या आल्यात, सकाळी बघू'

हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. हात अंगाखाली दबून आलेल्या मुंग्या हात हलवला की थोड्या वेळात जातात. पण एका बाजूचा चेहरा, हात किंवा पाय अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो स्ट्रोक समजूनच चाला. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. रात्री ९ ला त्रास सुरू झाला, तर ही मुदत दीड वाजता संपते. शिरूरहून पुणे ६५-७० किलोमीटर, त्यात वाघोलीचं ट्रॅफिक. दौंडहून त्याहून थोडं लांब. शिवाय आधी सीटी स्कॅन लागतो, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिनही देऊ नका.

१०८ ला फोन करा, ही ॲम्ब्युलन्स मोफत आहे. सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचे उपचार असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते लगेच विचारा. माणूस शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ फोनमध्ये लिहून ठेवा. डॉक्टर हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतात.