वयाचा रकाना

२०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत धावपळ उडाली होती. कुणबी नोंदींचा शोध घेणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी फडक्यांत बांधलेली बाडं खाली काढली जात होती, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी जात होती. या बाडांत सगळ्यांना हवा होता तो गाव नमुना चौदा, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘कोतवाल बुक’. गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं याची ही नोंदवही. लोकांची बोटं जातीच्या रकान्यावरून खाली सरकत होती. त्याच ओळीत पुढे मेलेल्या माणसाचं वय आणि मृत्यूचं कारण लिहिलेलं असे. तिकडे थांबायला कोणाला फुरसत नव्हती, आणि ज्याला पिढ्यांचा कागद शोधायचा आहे त्याला ती असणारही नाही.

पण ज्या साथीला मराठी मुलखात ‘मानमोडी’ म्हणत, त्या १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने किती माणसं नेली आणि कोणत्या वयाची नेली, हे पुढे कळलं ते अशाच वह्यांतल्या बेरजांवरून. कारणाच्या रकान्याचा त्यात फारसा उपयोग झाला नाही. देवी, पटकी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार अशा मोजक्या खणांत मृत्यू बसवायचा, एवढंच गावकामगाराच्या हाती होतं. मानमोडीने गेलेला माणूस बहुतेक वेळा ‘ताप’ या शब्दाखाली गेला.

मग साथीचा हिशेब कसा लावायचा? त्यासाठी वजाबाकी करावी लागते. एरवी या महिन्यात, या वयाची किती माणसं जातात आणि या वर्षी किती गेली? जो फरक उरतो ते जास्तीचे मृत्यू. १८४७ मध्ये लंडनला इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली, तेव्हा विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने हेच केलं. इन्फ्लुएन्झाच्या नावावर नोंदलेले मृत्यू त्या मानाने थोडे होते, पण काही आठवड्यांत नेहमीपेक्षा पाच हजारांवर माणसं जास्त मेली होती. दाखल्यावर लिहिलेलं कारण चुकू शकतं किंवा लपवलं जाऊ शकतं. माणूस मेला हे मात्र कोणी फार काळ लपवू शकत नाही.

मुंबईने हा धडा प्लेगमध्ये घेतला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकॅसिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पाठोपाठ घरझडत्या आणि विलगीकरणाच्या छावण्या आल्या, तशी माणसं आजारी लपवू लागली आणि मृत्यूला दुसरं नाव देऊ लागली. अशा वेळी आधीच्या वर्षांची सरासरी आणि चालू आठवड्याची बेरीज शेजारी ठेवून पाहणं, एवढाच भरवशाचा मार्ग उरत होता. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचं नाव इतिहासात राहिलं. बाकीची हजारो माणसं या वजाबाकीत तेवढी उरली.

मानमोडी मुंबईत आली ती बंदरातून. १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. ही पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, युद्ध अजून संपलं नव्हतं. रेल्वेने आणि रजेवर आलेल्या शिपायांबरोबर ताप आत शिरला. मुंबई इलाख्यात त्या काही महिन्यांत दहा लाखांहून जास्त माणसं गेली.

या साथीचं वेगळेपण वयात आहे. दर साली येणारा फ्लू तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं नेतो. वयानुसार मृत्यूंचा आलेख काढला तर तो दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खोल दिसतो. १९१८ मध्ये त्या मधल्या खोलगट जागेत उंचवटा उभा राहिला. वीस ते चाळीस या वयाची, नांगर धरणारी, गिरणीत पाळी करणारी, लेकुरवाळी माणसं गेली. इतिहासकार इयन मिल्स यांनी १९८६ मध्ये मुंबई इलाख्याचे आकडे नव्याने तपासले, तेव्हा या वयात पुरुषांपेक्षा बायकांचे मृत्यू जास्त असल्याचं दिसलं. घरात सगळे अंथरुणाला खिळलेले असताना उठून पाणी द्यायचं काम बाईकडे होतं. ताटात शेवटी उरेल ते खायचं तेही तिच्याकडेच. गरोदर बाईला तर हा ताप विशेष घातक होता. पुढच्या वर्षी जन्मांची संख्याही कोसळली.

मुंबई शहरातले जातवार आकडेही उरले आहेत आणि ते वाचताना हात थबकतो. त्या काळच्या सरकारी वर्गवारीत ‘खालच्या जाती’ म्हणून टाकलेल्या हिंदूंमध्ये या साथीने हजारी ६१.६ माणसं गेली, इतर हिंदूंमध्ये १८.९ आणि युरोपियनांमध्ये ८.३. ताप एकच आणि शहरही एकच, पण एकाच्या वाट्याला चाळीतली अंधारी खोली आली होती आणि दुसऱ्याच्या वाट्याला मोकळा बंगला.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं १९२१ ला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणून पाठ करतात. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती, ती १९२१ मध्ये २५.१३ कोटींवर आली. शिरगणतीच्या इतिहासात देशाची लोकसंख्या घटल्याचं हे एकमेव दशक. त्या घटीमागे प्लेग, पटकी, मलेरिया होतेच, पण सगळ्यात मोठा वाटा मानमोडीचा होता.

तरीही नेमका आकडा हाती लागलेला नाही, कारण साथीच्या ऐन भरात नोंदवहीही आजारी पडली होती. नोंद करणारेच तापाने फणफणत होते, काही मेले, गावंच्या गावं नोंदीविना राहिली. सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या १९१९ च्या प्राथमिक अहवालात देशभरातले मृत्यू ६० लाखांच्या आसपास धरले होते. १९२१ च्या शिरगणतीनंतर तोच अंदाज सव्वा कोटीच्या घरात गेला. किंग्सली डेव्हिस या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये तो पावणेदोन कोटींच्याही वर नेला, आणि २०१२ च्या एका अभ्यासात तो पुन्हा १ कोटी ३९ लाखांच्या जवळ आला. शंभर वर्षं झाली तरी ही वजाबाकी संपलेली नाही.

वयाची तर आणखी वेगळी अडचण. शिरगणतीवाल्याने ‘वय किती?’ विचारलं की उत्तर यायचं, ‘असेल चाळीस.’ म्हणून जुन्या तक्त्यांत तीस, पस्तीस, चाळीस या वयांवर माणसांचे ढीग दिसतात, आणि एकतीस-बत्तीसला कोणीच नाही. अभ्यासकांना हे ढीग आधी पसरून घ्यावे लागतात. घरातली म्हातारी माणसं आपलं वय सांगताना ‘प्लेगच्या साली जन्म’, ‘मानमोडीच्या साली रांगत होतो’ असं सांगत. साथ हेच त्यांचं पंचांग होतं.

२०२० मध्ये जन्ममृत्यूची नोंदणी कितीतरी सुधारलेली होती. १९६९ च्या कायद्याने मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा, अंत्यसंस्कारासाठी आणि वारसासाठी दाखला लागतोच. मुंबई शहरात २०१९ मध्ये ९१ हजारांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले होते. २०२० मध्ये ते १ लाख १२ हजारांच्या घरात गेले. कोविडच्या नावावर त्यातले ११ हजारांच्या आसपास. वीस हजारांवर जास्तीचे मृत्यू आणि त्यातल्या निम्म्यांनाच नाव. त्यातही एक मेख आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या लोकल मार्गांवर अडीच हजारांहून जास्त माणसं मेली होती. रूळ ओलांडताना, दारातून पडून जाणाऱ्यांत कामाच्या वयाचे पुरुष बरेच असतात. २०२० च्या मार्चअखेर सामान्यांसाठी लोकल बंद झाली आणि हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. म्हणजे त्या वयोगटातली वजाबाकी आधीच कमी दिसत होती. रुळांवर वाचलेले जीव तापाने गेलेल्यांना झाकत होते. सगळ्या वयांचा एकच आकडा पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

मग २०२१ चा एप्रिल आला. ऑक्सिजनच्या टाक्यांसाठी रांगा, स्मशानाबाहेर रांगा. गुजरातमधल्या ९० नगरपालिकांच्या मृत्यू नोंदवह्या संशोधकांनी नंतर तपासल्या. त्या एप्रिलात मृत्यू अपेक्षेपेक्षा ६७८ टक्क्यांनी वाढले होते आणि वाढ सगळ्यात जास्त होती ती ४० ते ६५ या वयोगटात. कोविड म्हाताऱ्यांचा आजार, हे युरोपातून आलेलं चित्र इथे पुरतं जुळत नव्हतं. घरातला मिळवता माणूस गेला, हे ज्याने त्याने शेजारच्या दारात पाहिलं होतं. वहीने त्याला टक्केवारी दिली.

देशपातळीवरचे आकडे मात्र वादात सापडले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ मिळून भारतातले जास्तीचे मृत्यू ४७ लाख असल्याचा अंदाज दिला. २०२१ अखेरपर्यंतचा सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार होता. केंद्र सरकारने या पद्धतीवर जोरदार हरकत घेतली. मुराद बनाजी आणि आशिष गुप्ता यांनी नोंदणीच्या आकड्यांवरून जून २०२१ पर्यंत ३८ लाखांचा अंदाज काढला. सरकारचा एक मुद्दा खरा होता. नोंदणी दर वर्षी सुधारत असल्याने साथ नसतानाही नोंदलेले मृत्यू वाढतात. २०१८ मध्ये ६९.५ लाख, तर २०१९ मध्ये ७६.४ लाख. ती सगळी वाढ साथीच्या खात्यावर टाकता येत नाही. पण मे २०२५ मध्ये २०२१ चा नागरी नोंदणी अहवाल आला, तेव्हा त्यातला आकडा १ कोटी २ लाख होता. २०२० मध्ये तोच ८१ लाख होता. एका वर्षात एकवीस लाखांची उडी नुसत्या नीट नोंदणीने पडत नाही. असा अहवाल इतका उशिरा यावा, हे दुखणं साथीइतकंच गंभीर आहे.

२०२४ मध्ये आणखी एक अभ्यास आला, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या घरांच्या उत्तरांवर बेतलेला. २०२० मध्ये आयुर्मान २.६ वर्षांनी घटलं, पुरुषांचं २.१ आणि बायकांचं ३.१, असा त्याचा निष्कर्ष होता. श्रीमंत देशांत ही घट मुख्यतः म्हातारपणातल्या मृत्यूंमुळे झाली होती. इथे लहान वयातले मृत्यूही वाढलेले दिसले. सरकारने हा अंदाजही फेटाळला. महाराष्ट्रातलं सर्वेक्षण साथीआधीच उरकलं होतं, त्यामुळे इथली घरं या हिशेबात नाहीत.

महाराष्ट्रातला फरक दिसला तो वेगळ्याच खिडकीवर. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडमृतांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळू लागले. जानेवारी २०२२ पर्यंत राज्यात २ लाख १३ हजारांवर अर्ज आले. तेव्हाचा सरकारी मृत्यूआकडा १ लाख ४१ हजारांच्या घरात होता. या मृतांच्या मागे तरुण विधवा किती राहिल्या, हे त्याआधीच हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने तालुक्यातालुक्यांतून दाखवून दिलं. राज्य सरकारला त्यांच्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू करावं लागलं. एका गावात अशा बायका किती आणि त्यांची मुलं केवढी, याची यादी कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून केली. ती कुठल्याही अहवालात तयार नव्हती.

१९२१ ची शिरगणती मानमोडीनंतर तीन वर्षांच्या आत झाली होती. २०२१ ची झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. प्रगणक दारात उभा राहील तेव्हा वयानंतर वैवाहिक स्थितीही विचारेल, आणि २०२१ च्या एप्रिलात कोणत्या वयाची माणसं गेली ते मागे राहिलेल्या बायकांच्या उत्तरांतून त्या तक्त्यांत उतरेल.