बारा नॉटचा वारा

धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवरचा विंडसॉक सकाळी ढिला लोंबत असतो. ऊन चढलं की तो फुगतो आणि विमान चालवायला शिकणारी मुलं बोलता बोलता त्याच्याकडे बघू लागतात. जालना जिल्ह्यातून आलेल्या एका मुलाची नजर तर तिथून हलतच नाही. सेस्ना १५२ च्या पुस्तकातला आकडा त्याला पाठ आहे: आडवा वारा १२ नॉट, ताशी साधारण २२ किलोमीटर.

"बारा नॉट कसलेल्या चाचणी वैमानिकानं करून दाखवलेत," इन्स्ट्रक्टर सांगतात. "ते तुझे नाहीत, बाळा."

त्याच्या घराजवळचा चिकलठाणा विमानतळ घ्या. तिथली २७ क्रमांकाची धावपट्टी सरळ पश्चिमेला, २७० अंशांवर. पावसाळी वारा २४० अंशांवरून २४ नॉटनं आला, तर ३० अंशांच्या कोनामुळे त्याचा आडवा भाग निम्मा. पुन्हा बारा!

उतरताना विमान नाक वाऱ्याकडे ठेवून तिरकं येतं. जमिनीजवळ रडरनं नाक पट्टीच्या रेषेत आणायचं, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवायचा, त्याच बाजूचं चाक आधी टेकवायचं. हे साधलं तरी घात होतो, तो चाकं टेकल्यावर. शिकाऊ वैमानिक सुटकेचा श्वास टाकतो, हातपाय सैल सोडतो. तेवढ्यात वारा उभ्या शेपटीला ढकलतो, नाक वाऱ्याकडे फिरतं, पंख उचलला जातो. विमान पट्टी सोडून मातीत घुसतं, पुढचं चाक मोडतं. विमान थांबेपर्यंत उड्डाण संपलेलं नसतं, हे अंगात मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ मुलांना मिळालाच पाहिजे.

पूर्वी गवताच्या मोकळ्या मैदानावर वारा येईल तिकडे तोंड करून उतरता येई. पक्क्या पट्ट्या आल्या आणि दिशा बांधली गेली. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले, त्या जुहूला आज एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या आहेत. एकच पट्टी असलेल्या ठिकाणी अशी निवड नसते.

निवड उरते ती गो-अराउंडची, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याची. मुलाचं विमान पट्टीच्या मध्यरेषेवरून सरकतं. तो हट्ट न करता पूर्ण थ्रॉटल देऊन वर निघून जातो. खाली उभे असलेले इन्स्ट्रक्टर मोठ्यानं "शाब्बास" म्हणतात. पुढच्या फेरीत तो नीट उतरतो. मग वारा पडेपर्यंत एकट्यानं उडणं बंद.