एक श्रद्धा, दोन परंपरा

उल्हासनगरच्या ‘कॅम्प ५’ या नांवांतच इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणींत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. घरदार मागें राहिलें. भाषा आणि उपासना मात्र त्यांनीं सोबत आणिली. शेजारच्या कल्याणचें नांव धारण करणाऱ्या कॅथलिक धर्मप्रांताचें मूळही स्थलांतरांतच आहे.

पोटापाण्यासाठीं केरळांतून मुंबईच्या परिसरांत आलेले अनेक कॅथलिक सीरो-मलबार परंपरेचे होते. त्यांची उपासना पूर्वीं सुरियानी भाषेंत चाले. १९६२ पासून ती मल्याळममध्यें होऊं लागली. येथील धर्मग्रामें मात्र लॅटिन परंपरेचीं. श्रद्धा एक, पोपही एकच. मग वेगळी व्यवस्था कशाला, असें कोणी विचारील. परंतु परंपरा म्हटली कीं भाषेबरोबर प्रार्थना, सण, उपवास, विवाहविधि हें सारेंच आलें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं पौर्वात्य परंपरांची समान प्रतिष्ठा मान्य केली. पुढें १९८८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कल्याण धर्मप्रांत स्थापिला. २०२५ सालीं तो महाधर्मप्रांत झाला.

आतां प्रश्न उरतो तो येथेंच जन्मलेल्या नातवाचा. आजीच्या प्रार्थनेचे शब्द त्यास परके वाटूं लागले, तर वारसा टिकावा कसा? आणि तो टिकवितांना मराठी वा सिंधी शेजारी दूर राहिला, तर सेवा घडावी कशी? आजीला तिच्या शब्दांत धीर द्यावा, नातवाला त्यांचा अर्थ सांगावा आणि आजारी शेजाऱ्याच्या उशाशीं बसून त्याच्याच भाषेंत विचारपूस करावी. धर्मसेवकाचें नित्याचें काम तें हेंच.